थर्माकोलचं जंगल

शाळेतल्या प्रकल्पांची समीक्षा कुणी लिहीत नाही. कवितासंग्रहांची लिहितात, वेबसिरीजची लिहितात, मोबाईलच्या कॅमेऱ्याचीसुद्धा लिहितात. पण बुटाच्या खोक्यात उभं केलेलं अ‍ॅमेझॉनचं जंगल, थर्माकोलचा इग्लू, पिवळ्या रांगोळीचं सहारा आणि त्यात रुतवलेला प्लास्टिकचा उंट, या सगळ्याला आपण ‘छान केलंय हं’ म्हणतो आणि पुढच्या टेबलाकडे सरकतो. गुण मिळतात, फोटो शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो, आणि आठवड्याभरात खोकं कचऱ्यात जातं.

मला हा प्रकार गंभीरपणे घ्यावासा वाटतो. आपल्यापैकी बहुतेकांची जगाच्या हवामानाशी झालेली पहिली भेट अशाच एखाद्या खोक्यापाशी झालेली असते, आणि पुष्कळांची शेवटचीही. पुढे कुणी कॉमर्सला जातं, कुणी इंजिनियरिंगला, कुणी वावरात. टुंड्रा, तैगा, सॅव्हाना हे शब्द डोक्यात राहतात ते त्या चित्रांसकट. म्हणून ही चित्रं कशी बनतात, ती काय दाखवतात आणि काय झाकतात, हे पाहायला हवं.

या कलाप्रकाराचे संकेत ठरलेले आहेत. एक प्रदेश म्हणजे एक खोकं. खोक्यात एक झाड, एक प्राणी, एक घर आणि एक माणूस. मागच्या भिंतीवर आकाश. शेजारी तक्ता: स्थान, तापमान, पर्जन्य, वनस्पती, प्राणी, लोकजीवन. चित्रं स्टेशनरीच्या दुकानातल्या छापील तक्त्यातून कापलेली, आता यूट्यूबवरून आणि एआयकडून आलेली. बोलणारं मूल हात मागे बांधून पाठ केलेली सहा वाक्यं म्हणतं. प्रदेश बदलला तरी वाक्यांचा साचा तोच राहतो.

मागच्या वर्षी ढाणकीत एका शाळेच्या प्रदर्शनात अ‍ॅमेझॉनच्या टेबलापाशी मी थांबलो. काम खरंच सुंदर होतं. सुतळीच्या वेली, कापडाचे पोपट, आरशाच्या तुकड्याची नदी. आठवीतल्या मुलीला विचारलं, इथं पाऊस किती पडतो? ती लगेच म्हणाली, दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त. मग विचारलं, आणि आपल्याकडे? तिनं सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘दादा, ते नव्हतं प्रोजेक्टमध्ये.’

तिचं उत्तर अगदी अचूक होतं. आपल्या गावाचं हवामान त्या प्रकल्पात नव्हतंच. त्यामुळे दोन हजार मिलिमीटर हा आकडा तिच्यासाठी फक्त मोठा होता. तो किती मोठा, हे कळायला लागणारी फूटपट्टी तिच्या हातात कुणी दिली नव्हती.

खोकं आलं कुठून

हे खोकं आपण शोधलेलं नाही. त्याच्या मागे निदान दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०२ मध्ये आजच्या इक्वेडोरमधल्या चिंबोराझो पर्वतावर चढला. तिथून आणलेल्या नोंदींतून त्यानं एक चित्र तयार केलं, ते १८०७ मध्ये छापलं गेलं. पर्वत उभा कापलेला, आणि कुठल्या उंचीवर कुठली वनस्पती उगवते त्यांची नावं त्या पर्वतावरच लिहिलेली. दोन्ही बाजूंना रकाने: उंची, तापमान, हवेचा दाब, दमटपणा. भूगोलाच्या वर्गातल्या सगळ्या तक्त्यांचा हा आजोबा म्हणता येईल. त्याची गंमत अशी की चित्र आणि आकडे एकाच कागदावर, एकमेकांना बांधलेले आहेत. बोट वर सरकवलं की तापमान उतरतं आणि झाडं बदलतात. पाहणारा आपोआप विचारतो, का?

खोक्याचं घराणं मात्र वेगळं. १८२२ मध्ये दागेरनं पॅरिसमध्ये ‘डायोरामा’ नावाचा तमाशा सुरू केला: प्रचंड रंगवलेले पडदे आणि त्यांच्यावर प्रकाशाचा खेळ. पुढे संग्रहालयांनी हा शब्द उचलला. कार्ल एकली यानं १८९० मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी त्यांच्या अधिवासाच्या देखाव्यात मांडले. नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात काचेआडची आफ्रिका उभी राहिली. हे देखावे विलक्षण आहेत. पण त्यांचं व्याकरण पाहा: एक क्षण गोठवलेला, ऋतू कधीच न बदलणारा, पाहणारा काचेच्या अलीकडे. बुटाच्या खोक्यानं हेच व्याकरण घेतलं. आपल्या अ‍ॅमेझॉनमध्ये कधी पाऊस थांबत नाही आणि सहारात कधी रात्र होत नाही.

तिसरा धागा तक्त्याचा. ऑक्सफर्डच्या ए. जे. हर्बर्टसन यानं १९०५ मध्ये जगाची ‘प्रमुख नैसर्गिक प्रदेशां’त विभागणी मांडली. आपल्या पुस्तकातले ‘मोसमी प्रदेश’, ‘सुदान प्रदेश’ हे शब्द त्याच परंपरेतले. त्या काळी ही मोठी झेप होती, कारण राज्यांच्या सीमा बाजूला ठेवून हवामान आणि वनस्पतींच्या आधारे जग वाचायचं होतं. पण शाळेत उतरताना तिचा एक ठोकळा झाला: हवामान असं, म्हणून झाडं अशी, म्हणून माणसं अशी. शेवटच्या रकान्यात पोचेपर्यंत टुंड्रातला माणूस रेनडियरसारखाच निसर्गाचा एक नमुना होऊन बसतो. त्याच्याकडेही फोन असू शकतो, हे त्या रकान्यात मावत नाही.

आणि ‘प्रकल्प’? विल्यम किलपॅट्रिकनं १९१८ मध्ये ‘प्रकल्प पद्धती’वर निबंध लिहिला तेव्हा अट ही होती की काम मुलानं स्वतःच्या हेतूनं, मनापासून हाती घेतलेलं असावं. आपल्याकडे २०१० नंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांपैकी एक म्हणून ‘प्रकल्प’ नोंदवहीत बसला. हेतू मुलाचा, ही अट निसटली. रकाना भरायचा, ही उरली.

पुस्तकाची बाजू

इथं सगळा दोष पाठ्यपुस्तकावर टाकणं सोपं आहे, पण ते खरं नाही. बालभारतीचं २०१७ चं सातवीचं भूगोलाचं पुस्तक घ्या. त्यात ‘नैसर्गिक प्रदेश’ हा धडा आहे, त्याच्यानंतर ‘मृदा’, पुढे ‘कृषी’. वारे आणि हवेचा दाब आधी येऊन गेलेले असतात. क्रम विचार करून लावलेला आहे. अडचण आहे ती जाळीच्या विणीची. जगाचे मोजके प्रदेश पाडले की कोकण आणि विदर्भ एकाच ‘मोसमी’ घरात जातात. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, उमरखेड तालुक्यात साधारण नऊशेच्या आसपास. जगाच्या नकाशासाठी ही वीण ठीक आहे. त्यावर उभा राहून स्वतःचं गाव शोधणाऱ्या मुलाला मात्र ती काहीच सांगत नाही.

दहावीचं २०१८ चं पुस्तक तर मला धाडसी वाटतं. सगळं जग थोडं थोडं सांगण्याऐवजी त्यानं दोनच देश घेतले: भारत आणि ब्राझील. सुरुवातच क्षेत्रभेटीनं. मग प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती व प्राणी, लोकसंख्या, वस्ती, अर्थव्यवस्था, प्रत्येक पाठात दोन्ही देश शेजारी शेजारी. तुलना हे शिकण्याचं उत्तम हत्यार आहे. ब्राझीलच्या ईशान्येकडचा ‘अवर्षण चतुष्कोन’ हा शब्द एकदा वाचलेलं यवतमाळचं मूल सहसा विसरत नाही, त्याला तो ओळखीचा वाटतो.

पण या पुस्तकाचा एक सांधा कच्चा आहे. हवामान एका पाठात, वनस्पती दुसऱ्यात, शेती-व्यवसाय आणखी पुढे. यांना जोडणारा धागा वर्गात विणायचा असतो, आणि तो विणण्याची जागा म्हणजेच प्रकल्प. नेमकी तिथं आपण सुतळीची वेल आणि कापडाचा पोपट लावतो. ब्राझील म्हणजे अ‍ॅमेझॉन, कार्निव्हल आणि फुटबॉल. ढाणकीच्या वावराशी ज्या ब्राझीलचा रोजचा संबंध आहे तो या खोक्यात येतच नाही. त्याच्याकडे येतोच.

मॉडेल कशाला म्हणायचं

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ‘मॉडेल’ हा शब्द दिवसातून पन्नासदा वापरला जातो, आणि त्याचा अर्थ शाळेतल्या ‘मॉडेल’पेक्षा वेगळा आहे. आमच्या मॉडेलमध्ये तुम्ही एक गोष्ट बदललीत की दुसरी बदलायला हवी. आणि ते चुकायला हवं, म्हणजे चुकलं तर कळायला हवं. ज्याला चुकताच येत नाही ते मॉडेल नसून शोपीस आहे.

हीच कसोटी मी वर्गातल्या प्रकल्पाला लावतो. या खोक्याला प्रश्न विचारता येतो का? पाऊस निम्मा केला तर आत काय बदलेल? तोच पाऊस चार महिन्यांऐवजी बारा महिन्यांत पसरला तर? थर्माकोलच्या जंगलाकडे उत्तर नसतं. त्याची पानं हिरव्या क्रेप कागदाची आहेत, ती गळत नाहीत.

एक साधं उदाहरण. लंडनला वर्षाला साधारण सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे यवतमाळपेक्षा कमी. हे वाचून वर्गातली मुलं हमखास भांडायला उठतील, कारण सिनेमातलं लंडन सदा भिजलेलं आणि हिरवं, आणि मे महिन्यातलं यवतमाळ कसं असतं ते त्यांना ठाऊक आहे. आता खरा भूगोल सुरू होतो. लंडनचा पाऊस बाराही महिन्यांत थोडाथोडा वाटलेला आहे आणि थंडीमुळे तो लवकर वाळत नाही. आपला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये येतो आणि पुढचे आठ महिने ऊन त्याचा हिशेब घेतं. झाडाला वर्षाची बेरीज कळत नाही, त्याला आजची ओल कळते. व्लादिमिर क्योपेननं शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हवामानाचं वर्गीकरण केलं ते याच धाग्यानं: वनस्पती हेच हवामान मोजण्याचं यंत्र धरून. त्याच्या अक्षरांत यवतमाळ ‘एडब्ल्यू’ आहे. वर्षभर उष्ण, हिवाळा कोरडा, उष्ण कटिबंधीय सॅव्हाना हवामान.

दोन आलेख आणि एक भांडण, एवढाच हा प्रकल्प. खर्च शून्य. पण त्याला प्रश्न विचारता येतो, आणि तो उलट प्रश्न विचारतो.

ढाणकीतून दिसणारं जग

ढाणकीहून बिटरगावच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात साग सुरू होतो. पैनगंगा अभयारण्याचा हा परिसर, लोकांच्या बोलण्यात ‘बंदी भाग’. सव्वातीनशे चौरस किलोमीटरच्या आसपासचं जंगल आणि त्याला वळसा घालत यवतमाळ-नांदेडची सीमा आखणारी पैनगंगा. वनशास्त्राच्या यादीत या प्रकाराचं नाव आहे दक्षिण उष्ण कटिबंधीय शुष्क पानझडी वन. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, सालई, पळस. आंध आणि बंजारा घरांतल्या मुलांना यातली बरीच झाडं चेहऱ्यानं ओळखता येतात. तीच मुलं प्रदर्शनात मात्र पाइन वृक्षाचं चित्र चिकटवून आणतात. जग दाखवायचं तर आधी गाव झाकावं लागतं, असा काहीतरी समज शाळेच्या हवेतच आहे.

मला वाटतं, दूरचा प्रदेश कळायला जवळचा प्रदेश हीच फूटपट्टी आहे. तीन प्रकल्प सुचवतो. तिन्हींत थर्माकोल नाही.

पहिला, बाटलीचा. दोन लिटरची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळ वाकडातिकडा असतो, म्हणून सरळ भाग सुरू होईपर्यंत खडे आणि पाणी भरून तिथं शून्याची रेघ मारा. वर पट्टी चिकटवा. झालं पर्जन्यमापक. मिलिमीटर म्हणजे उंची, आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे इथं हाताला कळतं. शंभर चौरस मीटरच्या टिनाच्या छतावर नऊशे मिलिमीटर म्हणजे नव्वद हजार लिटर. अ‍ॅमेझॉनच्या छतावर दोन लाखांहून जास्त. आता दोन हजार या आकड्याला वजन आलं.

हा आकडा नुसता भूगोलाचा नाही. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर ‘अतिवृष्टी’ धरतात, आणि नुकसानभरपाईची चर्चा तिथून सुरू होते. राज्यात महावेध प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, आणि कृषी विभागाच्या ‘महारेन’वर मंडळनिहाय पाऊस फोनवर पाहता येतो. आपल्या बाटलीत ८० आले आणि मंडळाची नोंद ५० असेल तर? कदाचित बाटली झाडाखाली ठेवली होती. कदाचित ढग खरंच गावाच्या एकाच अंगाला बरसला. कदाचित केंद्राची जागा तपासायला हवी. यातलं काय खरं ते शोधणं हा प्रकल्प. ज्या घरात सोयाबीन पाण्याखाली गेलंय तिथल्या मुलाला हा प्रश्न शिकवावा लागत नाही.

दुसरा, एका झाडाचा. एक झाड निवडायचं, दर रविवारी एकाच जागेवरून फोनवर त्याचा फोटो काढायचा, वर्षभर. देशात ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम नेमकं हेच करतो. शाळकरी मुलं झाडांची पालवी, फुलं, फळं नोंदवतात. आपल्याकडे काय दिसेल? साग उन्हाळ्यात उघडा पडतो. पळस पानं टाकून देऊन फुलतो. कोशिंब मात्र ऐन मार्चमध्ये लालभडक पालवी काढतो. पाऊस अजून दोन-अडीच महिने लांब आणि या झाडाला पाणी मिळालं कुठून? मुळं किती खोल? पालवीची वेळ त्याला कोण सांगतं? शुष्क पानझडी जंगलातली बरीच झाडं पावसाची वाट न पाहता पालवतात. हे पाहिलेल्या मुलाला युरोपातल्या ओकचं पानझड वाचून धक्का बसेल: तोही पानं गाळतो, पण थंडीपायी. साग तहानेपायी. ‘पानझडी’ हा एकच शब्द आणि कारणं दोन. तैगातल्या सूचिपर्णी झाडानं पान सुईसारखं का केलं, हा प्रश्न आता आपोआप येतो.

तिसरा, सोयाबीनचा. आणि हाच तो खोक्यात न आलेला ब्राझील.

अ‍ॅमेझॉनच्या दक्षिणेला आणि आग्नेयेला सेराडो नावाचा विशाल सॅव्हाना आहे. गवत, वाकड्या खोडांची झाडं, जाड साली, कोरड्या ऋतूतली आग. क्योपेनच्या नकाशावर त्याच्या बहुतांश भागाला तेच अक्षर आहे जे यवतमाळला आहे. मातो ग्रोसो राज्याची राजधानी कुयाबा आणि यवतमाळ यांचे पावसाचे आलेख शेजारी ठेवा. पावसाळा आणि कोरडा काळ दोन्हीकडे आहे, फक्त उलटे. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून आपण सोयाबीन काढतो त्या ऑक्टोबरात ते पेरतात. ऋतुनिर्मितीचा अख्खा धडा या एका वाक्यात आहे.

मग फरक कुठं? मातीत. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली, ओल धरून ठेवणारी. सेराडोची तांबडी माती आम्लधर्मी, अ‍ॅल्युमिनियमनं पिकांना जाचणारी, बराच काळ शेतीला निरुपयोगी मानलेली. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेनं आणि इतरांनी तिथं चुना टाकून माती सुधारण्याची पद्धत बसवली, उष्ण कटिबंधातल्या दिवसाच्या लांबीला मानवणारे सोयाबीनचे वाण काढले. आज ब्राझील जगातला सर्वांत मोठा सोयाबीन उत्पादक आहे आणि कापसाच्या निर्यातीतही अमेरिकेला मागे टाकून वर गेला आहे. या वाढीत सेराडोची साधारण निम्मी मूळ वनस्पतीसृष्टी गेली.

२०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याखाली होता. भाव पडण्याची कारणं अनेक असतात, पण जगात सोयाबीनचा साठा किती, हे त्यातलं एक, आणि त्या साठ्यात सेराडोचा वाटा मोठा. किराणा दुकानातल्या सोयाबीन तेलाच्या पाकिटात अर्जेंटिना-ब्राझीलचं तेल असू शकतं. म्हणजे एक प्रदेश आपल्या कढईत आहे, बाजार समितीतल्या काट्यावर आहे, आणि शाळेच्या टेबलावर मात्र त्याच्या नावानं कापडाचा पोपट. पऱ्हाटी आणि सोयाबीन असलेल्या घरातल्या मुलानं ब्राझीलवर प्रकल्प करावा आणि त्यात सोयाबीन नसावं, याला मी सर्जनशीलतेचा अभाव म्हणत नाही. सर्जनशीलता भरपूर आहे, ती चुकीच्या जागी खर्ची पडते आहे.

ओव्यांतलं रान

ही साहित्याची जागा आहे, म्हणून साहित्याकडचा एक पुरावा. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं ही जंगलतोडीतून उरलेली ओसाड जमीन आहे की मुळातच प्राचीन सॅव्हाना, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी त्यांनी जुनं मराठी वाङ्मय, ओव्या, दंतकथा यांतले झाडांचे उल्लेख गोळा केले, थेट तेराव्या शतकापासूनचे. ४४ जातींच्या वनस्पती सापडल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक काटेरी, उघड्या, सॅव्हानातच वाढणाऱ्या. म्हणजे ही माळरानं निदान साडेसातशे वर्षांपासून माळरानंच आहेत. ‘पडीक’ म्हणून तिथं झाडं लावत सुटणं हा त्या प्रदेशावर उपकार नाही.

मराठीच्या तासाला शिकवलेली ओवी भूगोलाचा पुरावा होऊ शकते, याहून सुंदर वर्गप्रकल्प मला सुचत नाही. मुलांनी आजीकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्याव्यात, त्यातली झाडं वेगळी काढावीत. पिंपळगाव, बोरगाव, पळशी, चिंचोली अशा गावांच्या नावांत कुठली झाडं दडली आहेत आणि ती आज तिथं आहेत का, हे पाहावं. मिरग, आर्द्रा, हस्त या नक्षत्रांत कुठली कामं व्हायची आणि आता कधी होतात, हे आजोबांना विचारावं. हवामानबदल हा शब्द मग बातम्यांतून घरात येतो.

‘गावातच अडकवायचं का पोरांना?’

या सगळ्यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. शहरातल्या मुलानं टुंड्राची स्वप्नं पाहायची आणि ढाणकीच्या मुलानं आपल्याच वावरात पाऊस मोजायचा? शेजारच्या वर्ध्यात १९३७ मध्ये मांडल्या गेलेल्या नई तालीमवरही हीच टीका झाली: सूतकताईतून शिक्षण म्हणजे खेड्यातल्या पोराला चरख्यालाच बांधणं. ती भीती खरी आहे. स्थानिकतेचं कौतुक बऱ्याचदा ज्यांना बाहेर पडता आलं तेच करतात, आणि मीही बाहेर पडलेल्यांपैकीच आहे.

म्हणूनच माझी मागणी अ‍ॅमेझॉन काढून टाकण्याची नाही. दूरचं जग हवंच, आणखी हवं. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयानं परिसराला शिकण्याचा पाया केलं, ते मुलांना परिसरात कोंडण्यासाठी नव्हे. बाटलीतले नऊशे मिलिमीटर माहीत असलेलं मूल मनॉसबद्दल जास्त नेमकी कल्पना करू शकतं. कल्पनाशक्तीलाही टेकायला जमीन लागते.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, नोंदवह्या, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं. यात वर्षभर झाडाचे फोटो कोण तपासणार? खरं आहे. पण वीस खोकी तपासण्यापेक्षा एका वर्गाचा मिळून एक पर्जन्यमापक आणि एक झाड हे काम कमीच आहे. नोंद मुलं करतील, आलेख भिंतीवर वाढत जाईल. पुढच्या वर्षीचा वर्ग तो पुढे नेईल. पाच वर्षांनी त्या शाळेकडे स्वतःची माहिती असेल, कुठल्याच तक्त्यात न छापलेली.

तिसरा आक्षेप मुलांचाच असेल: खोकं बनवायला मजा येते. येतेच. गोंद, रंग, मित्र, शाळा सुटल्यावरचा वेळ. ती मजा कुणी काढून घेऊ नये. त्या मुलीची आरशाची नदी मला अजून आठवते. खोकं राहू द्या, फक्त दोन करा. एकात अ‍ॅमेझॉन, शेजारी बंदी भाग. दोन्हींत जानेवारी, मे आणि ऑगस्ट असे तीन पडदे, बदलता येणारे. मे महिन्याचा पडदा लावला की एका खोक्यातली पानं मुलांनी स्वतःच्या हातानं काढायची आणि दुसऱ्यातली ठेवायची, आणि असं का केलं ते पाहुण्यांना सांगायचं.

आणि पाहुण्यांनीही नुसतं ‘छान केलंय हं’ म्हणून पुढे जाऊ नये. प्रत्येक टेबलापाशी एक तरी प्रश्न विचारावा: आणि आपल्याकडे?